खेळातला नायक कोणाच्या मर्जीने चालतो?

चळवळीच्या वर्तमानपत्रात व्हिडिओ गेमवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना पडेल. कॉम्प्युटरवर गाड्या पळविणे आणि बंदुका झाडणे हा रिकामटेकड्या पोरांचा उद्योग. त्यावर एका वकिलाने शाई का खर्च करावी, असेही कोणी म्हणेल. मीदेखील कालपरवापर्यंत हेच म्हणत होतो. परंतु आपल्या वस्तीतील मुले रोज दोन-दोन तास ज्या नायकाच्या अंगात शिरून वावरतात, तो नायक कोण, त्याचा स्वभाव काय, तो कोणाच्या मर्जीने चालतो, याची साधी चौकशीही आपण करीत नाही. कथा, कादंबरी, नाटक, सिनेमा यांतील नायकांची आपल्या लेखकांनी परखड तपासणी केली. खेळातला नायक मात्र आपल्या नजरेतून सुटला. म्हणून हा लेख.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर शहराला लागून मनमाड रस्त्यावर नागापूर आहे. एमआयडीसीमुळे वाढलेला हा भाग. कंपन्यांच्या पाळ्या, कंत्राटी कामगार, भाड्याच्या खोल्या, पत्र्याची घरे असे इथले जीवन. माझी धाकटी बहीण येथेच राहते. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, भाची यंदा दहावीला. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी बहिणीकडे गेलो तेव्हा भाचा एका जुन्या, घरघर करणाऱ्या कॉम्प्युटरपुढे बसला होता. मामाच्या अधिकाराने मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "मामा, तुम्ही वकील आहात ना? मग पाच मिनिटं बसा. ह्या गड्याला पोलिसांनी खोट्या केसमध्ये कसं धरलंय ते बघा."

पाच मिनिटांसाठी बसलो तो दीड तास उठलो नाही.

तो खेळ होता 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास'. २००४ साली निघालेला. जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो म्हणून आजही वस्त्या-वस्त्यांत खेळला जातो. त्याचा नायक कार्ल जॉन्सन, सगळे त्याला सीजे म्हणतात. हा कृष्णवर्णीय तरुण. आईचा खून झाला म्हणून पाच वर्षांनी तो आपल्या गावी परत येतो. विमानतळावरून निघाल्यावर वाटेतच पोलीस त्याला अडवितात, त्याच्याजवळचे पैसे काढून घेतात, एका पोलिसाच्या खुनाचा आळ त्याच्यावर घालू असे धमकावितात आणि शत्रूटोळीच्या गल्लीत गाडीतून खाली ढकलून देतात. तिथे त्याच्या हाताला लागते ती एक सायकल. त्या सायकलवर पायडल मारीत खेळणाऱ्याने त्याला आईच्या घरी न्यायचे. खेळाची सुरुवात ती इथून.

कोर्टात रोज उभे राहणाऱ्या माणसाला यात नवल ते काय वाटणार? संशयित म्हणून उचलायचे, खिसा रिकामा करायचा आणि गुन्ह्यात नाव घालतो म्हणून आयुष्यभर दाबात ठेवायचे, हे प्रकार पाहण्यासाठी अमेरिकेला जावे लागत नाही. या खेळाची कथा १९९२ सालात घडते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९९१ साली रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी रस्त्यावर बेदम मारले. त्याचे चित्रीकरण जगाने पाहिले. तरीही एप्रिल १९९२ मध्ये ज्युरीने त्या चार पोलिसांपैकी एकालाही दोषी ठरविले नाही आणि शहर पेटले. खेळाच्या शेवटीही तो भ्रष्ट पोलीस अधिकारी कोर्टातून सुटतो आणि शहरात दंगल उसळते. इतिहास कोठून उचलला आहे ते उघड दिसते.

मी भाच्याला विचारले, "गाड्या चोरण्याचे खेळ पुष्कळ आहेत. तुला हाच का आवडतो?" त्याचे उत्तर ऐकून मी थक्क झालो. तो म्हणाला, "मामा, ह्याच मालिकेतले तिन्ही खेळ मी खेळलोय. गाड्या सगळीकडं सारख्याच. माणूस बदलला की खेळ बदलतो."

वाचकांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी. या मालिकेत २००१ साली आलेल्या तिसऱ्या खेळाचा नायक क्लॉड. तो सबंध खेळात एक शब्दही बोलत नाही. सांगितलेले काम करतो आणि पुढे चालू लागतो. २००२ च्या 'व्हाइस सिटी'चा नायक टॉमी व्हर्सेटी. फुलाफुलांचा शर्ट घालणारा, पंधरा वर्षे तुरुंगात काढून आलेला, शहराचा मालक व्हायला निघालेला माणूस. तो बोलतो, पण त्याच्या मागे घर नाही, गल्ली नाही, कोणी वाट पाहणारे नाही. आणि तिसरा हा सीजे. त्याला रागावणारा थोरला भाऊ आहे, बहीण आहे, आईचे रिकामे घर आहे. फार खाल्ले तर तो सुटतो, उपाशी ठेवला तर वाळतो, व्यायाम केला तर अंगाने भरतो. टॉमी पाण्यात पडला की मरतो. सीजेला पोहता येते. मोहल्ल्यात त्याला किती मान आहे, त्याचेही मोजमाप खेळ ठेवतो. चोरी तीच, गोळीबार तोच, पोलिसांचा पाठलागही तोच. तरीही तिन्ही खेळांची गोडी वेगळी आहे. क्लॉड मेला तर खेळणारा पुन्हा सुरू करतो. सीजे मेला तर खेळणाऱ्याला चुकचुकल्यासारखे होते.

म्हणजे मौज केवळ हातातल्या बटणांत नसते. बटण दाबल्यावर जो माणूस हलतो, त्याच्या स्वभावात ती असते.

भाच्याला या खेळातला एक प्रसंग विशेष आवडतो. पुढे सीजेकडे पैसा येतो. बंगला येतो, धंदे येतात. थोरला भाऊ स्वीट तुरुंगातून सुटतो तेव्हा सीजे त्याला हे वैभव दाखवू पाहतो. भाऊ त्याला झाडतो. त्याला बंगला नको असतो, त्याला आपली जुनी गल्ली हवी असते. आपली माणसे वाऱ्यावर सोडून तू कसला मोठा झालास, असा त्याच्या बोलण्याचा रोख असतो. नाइलाजाने सीजे त्याच्याबरोबर त्या गल्लीत परत जातो. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत व्यक्त केली, ती ज्याने घरात ऐकलेली आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. भाचा म्हणाला, "मामा, डिप्लोमा झाला की मला पुण्याला जायचंय. ते बघताना दरवेळी मला आपलंच वाटतं." मी गप्प बसलो. बहिणीने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले.

अर्थात, या खेळाचे गोडवे गाण्यासाठी मी लिहीत नाही. हा प्रौढांसाठीचा खेळ आहे. त्यात निरपराध माणसे मारता येतात, स्त्रियांचे चित्रण हिणकस आहे, आणि कृष्णवर्णीय तरुण म्हणजे टोळीवाला हा गोऱ्या समाजाचा समज तो खोडून काढीत नाही, उलट त्यावर पैसा कमावतो. आपल्याकडे लुटणारा नायक नवा नाही. अण्णाभाऊ साठे यांच्या १९५९ सालच्या 'फकिरा'चा नायकही लूट करतो. पण तो भुकेल्या वस्तीसाठी धान्य लुटतो आणि त्याची किंमत स्वतः मोजतो. ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ते उगाच नव्हे. सीजे आणि फकिरा यांच्यातले हे अंतर मुलांना सांगणारे कोणी घरात असले पाहिजे. खेळ हिसकावून घेतल्याने हे अंतर कळत नाही.

आता दुसरे टोक पाहू. २०१८ पासून मोबाईलवर पबजी आला. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली, २०२१ साली तो बीजीएमआय या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. त्यात शंभर जण विमानातून उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. या खेळातल्या नायकाला नाव नाही, घर नाही, आठवण नाही. त्याच्या अंगावर दिसतात ते कपडे, तेही पैसे मोजून घेतलेले. ज्याच्या बापाकडे पैसा, त्याचा नायक झगमगीत. कंत्राटी कामगाराचा पोरगा फुकटचे कपडे घालून उतरतो आणि त्यावरून सोबतीची मुले त्याची टिंगल करतात. मित्रांबरोबर खेळण्याची मौज त्यात आहे, हे मान्य. पण नायकाच्या जागी रिकामा सांगाडा ठेवला की तिथे बाजार येऊन बसतो, हेही मान्य करावे लागेल.

काही जाणकार मुले यावर वेगळे मत मांडतात. त्यांच्या मते नायक मुकाच बरा. १९९८ सालच्या 'हाफ-लाइफ' या नावाजलेल्या खेळाचा नायक गॉर्डन फ्रीमन तोंडातून अवाक्षर काढत नाही. भोवतालची माणसे त्याच्याशी बोलतात आणि उत्तर खेळणाऱ्याने मनातल्या मनात द्यायचे. नायक गप्प राहिला की त्याच्या जागी आपण उभे राहू शकतो, असे हे म्हणणे. त्यात तथ्य आहे. परंतु 'मूक नायक' हा शब्द ऐकला की आपल्याला ३१ जानेवारी १९२० हा दिवस आठवतो. बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले ते मुक्याने राहण्यासाठी नव्हे; ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांचा आवाज होण्यासाठी. ज्याचे घराबाहेर ऐकले जाते, त्याला खेळात मुका नायक चालून जातो. ज्याला बाहेर दाबले जाते, त्याला खेळात तरी बोलणारा, उलट उत्तर देणारा माणूस हवासा वाटतो. भाच्याला क्लॉड नकोसा आणि सीजे हवासा का वाटला, त्याचे कारण मला येथे सापडते.

मग आपल्या मातीतला नायक कोणी केलाच नाही काय? केला. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ आणला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळांच्या यादीत त्याचे नामांकन झाले. महाराष्ट्रातल्या एका छोट्या चमूने हे करून दाखविले, याचे कौतुक केलेच पाहिजे. शिवाय त्याची नायिका कोणी राजकन्या नाही. राजी ही रस्त्यावर कसरतीचे खेळ करणारी अनाथ मुलगी. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर डोंबाऱ्याची पोर. तिचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात आणि ती त्याला सोडवायला निघते.

माझी भाची हा खेळ मैत्रिणीच्या लॅपटॉपवर खेळली. ती अक्षरशः हरखून गेली होती. राजी भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेते, एका कठड्यावरून दुसऱ्यावर झेप घेते. पोट भरण्यासाठी शिकलेली कसरत हेच तिचे बळ. ज्या अंगमेहनतीला समाजाने हलके मानले, तीच खेळात कर्तबगारी ठरते. यात खरोखर आनंद आहे.

पण राजीची गोष्ट सांगते कोण? दुर्गा आणि विष्णू. शस्त्रे येतात ती देवांची. मानवजातीच्या रक्षणासाठी देवांनी तिला निवडले आहे, असे खेळणाऱ्याच्या मनावर बिंबविले जाते. भाचीने मला जो प्रश्न विचारला तो भल्या भल्या समीक्षकांनी विचारावा असा आहे. ती म्हणाली, "मामा, त्रिशूळ मिळायच्या आधीपण तिला उड्या येतच होत्या ना? मग देवानं तिला काय दिलं?"

आणि राजीचा शत्रू कोण? त्याचे नाव महाबलासुर! ज्या महाराष्ट्रात बलिप्रतिपदेला इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो म्हणून बाया ओवाळतात, त्या महाराष्ट्रात तयार झालेल्या खेळाचा खलनायक महाबली असुर असावा, हा योगायोग असला तरी बोलका आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीला न्यायी राजा म्हणून उभे केले आणि असुर, राक्षस म्हणून कोणाला हिणवले गेले याचा उलगडा केला. दीडशे वर्षांनंतरही एका कष्टकरी पोरीच्या हाती देवांचे शस्त्र देऊन तिला असुरांवर सोडले जाते. खेळ करणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू असेल असे मी म्हणत नाही. जी कथा हाताशी होती ती त्यांनी घेतली. आपली कथा त्यांच्या हाताशी नव्हती, हा दोष थोडा आपलाही आहे.

परदेशात वेगळा प्रयत्न झालेला आहे. २०१३ साली 'अॅसॅसिन्स क्रीड' या मालिकेत 'फ्रीडम क्राय' हा भाग आला. त्याचा नायक आदेवाले हा गुलाम म्हणून जन्मलेला आणि पुढे मुक्त झालेला माणूस. अठराव्या शतकातील सेंट-डोमिंग्यू, म्हणजे आजचे हैती, येथे तो उसाच्या मळ्यांतून आणि जहाजांतून गुलामांची सुटका करतो. त्याला कोणा देवाने निवडलेले नाही. स्वतः भोगलेले आहे म्हणून तो लढतो. मात्र या खेळातही एक खोट आहे. किती गुलाम सोडविले याचा आकडा वाढला की नायकाला चांगली हत्यारे मिळतात. त्यामुळे मुक्त झालेली माणसे खेळणाऱ्याच्या डोळ्यांपुढून हळूहळू नाहीशी होतात आणि आकडा उरतो. सुधारकाच्या भूमिकेत राहून दुसऱ्यांचा उद्धार मोजीत बसण्याचा हा रोग आपल्याही ओळखीचा आहे.

या सगळ्यातून एक विचार आला. आमच्या भागातील विहारात रविवारी मुलांचा वर्ग असतो. तेथे एक जुना लॅपटॉप आहे. 'स्क्रॅच' नावाची मुलांसाठीची फुकट मिळणारी प्रणाली आहे, तिच्यात चौकोन जोडून साधे खेळ करता येतात. भाच्याने पुढाकार घेतला. विषय ठरला महाडचा. २० मार्च १९२७, चवदार तळे. नायक कोण? सगळी मुले एका सुरात म्हणाली, "बाबासाहेब!"

तेव्हा सातवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "गेममध्ये हिरो पडतो, हरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. बाबासाहेबांना आपण कसं पाडायचं?" सगळे गप्प झाले. पोरगी बरोबर बोलली होती. ज्याला चुकायची मुभा नाही, ज्याला भीती वाटते हे दाखवायची आपली तयारी नाही, त्याची पूजा करता येते, त्याच्याबरोबर खेळता येत नाही. शेवटी ठरले की नायक त्या दिवशी तळ्याकडे चालत गेलेला साधा मुलगा असावा. तहानलेला, घाबरलेला, बापाचे बोट सोडायला न धजणारा. बाबासाहेब पुढे चालताना दिसतील. पाऊल मात्र मुलाने उचलायचे.

पुढे भांडण झाले ते मारण्याच्या बटणावरून. पाणी प्यायल्यानंतर सत्याग्रहींवर लाठ्या-काठ्यांनी हल्ले झाले, हा इतिहास आहे. आपली माणसे उलट तुटून पडायला तयार होती आणि बाबासाहेबांनी त्यांना आवरले, हाही इतिहास आहे. काही मुले म्हणाली, मारायचे बटण ठेवूच नका, विषय मिटला. भाचा म्हणाला, "बटण नसलं तर त्यानं आवरलं कुठं? हातात असून दाबलं नाही, तरच ते आवरणं." शेवटी बटण ठेवायचे ठरले. ते दाबले तर समोरचा पडतो, पण खेळ तिथेच संपतो आणि मूल पुन्हा तळ्यापासून दूर, गावाच्या वेशीवर जाऊन उभे राहते.

बांधवांनो, नायकाचा स्वभाव म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. तो त्याच्या दिसण्यात, कपड्यांत किंवा जातीच्या नावातही नसतो. जे करणे त्याच्या हातात आहे आणि तरीही जे तो करीत नाही, त्यात तो दिसतो. तथागतांनी संयमाची शिकवण दिली ती दुबळ्यांना गप्प बसविण्यासाठी नव्हे. हात उचलण्याची ताकद असलेल्याने तो खाली ठेवावा, यासाठी ती होती.

आपल्या जलसाकारांनी हेच काम केले होते. तमाशाचा बाज त्यांनी घेतला, ढोलकी घेतली, विनोद घेतला. देवाच्या वंदनेच्या जागी बाबासाहेबांचे वंदन आले आणि नायकाच्या जागी वस्तीतला माणूस आला. भीमराव कर्डकांच्या जलशाला लोक लोटत, कारण रंगमंचावर त्यांना स्वतःची चाल आणि स्वतःचे बोलणे दिसत होते. तमाशा वाईट म्हणून त्यांनी पाठ फिरविली असती तर जलसा जन्मालाच आला नसता. आज मोबाईलला नावे ठेवून पाठ फिरविणाऱ्यांनी याचा विचार करावा. २०२५ साली केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ते योग्यच झाले. पण कायदा नायक देत नाही. तो आपणच घडवायचा असतो.

तेव्हा आईबापांना आणि कार्यकर्त्यांना विनंती एवढीच. मुलाच्या हातून मोबाईल ओढून घेण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा. त्याला विचारा, हा माणूस कोण? तो कोणासाठी धावतो? त्याला कोणी निवडले? त्याच्या हातात न दाबलेले एखादे बटण आहे काय? मूल या प्रश्नांची उत्तरे देऊ लागले, तर समजा की ते खेळत असतानाच विचारही करीत आहे.

नागापूरचा तो खेळ अजून अर्धाच झाला आहे. तळ्याचे पाणी नीट हलत नाही, लॅपटॉप मध्येच बंद पडतो. पण सातवीतली ती मुलगी दर रविवारी येते आणि आपल्या नायकाला वेशीवरून तळ्यापर्यंत चालवून पाहते. मागच्या रविवारी तो तीनदा हरला. चौथ्या वेळी त्याने ओंजळ भरली तेव्हा तिने मागे वळून आमच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पैसे देऊन घेतलेल्या कोणत्याही झगमगीत कपड्यात मी पाहिलेला नाही.

जयभीम!